राजस्थानचा फॉर्म राहू दे

मालवीय नगरातल्या एका शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना पुढे काय करायचं ते सांगायचं, हे माझं काम. नवऱ्याची बँकेतून इकडे बदली झाली, तेव्हापासून जयपुरातच आहोत.

तीन वर्षांपूर्वी बारावीत एक मुलगी होती. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळकडचे. ही आठवीपासून इथे. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं, दुसरं काही नाही. 'मतलब' घातल्याशिवाय तिचं वाक्य पुरं व्हायचं नाही, पण या शाळेत माझ्याशी मराठीत बोलणारं ते पहिलंच पोर. मी विरघळलेच. म्हटलं, "मॅडम काय म्हणतेस, मावशी म्हण."

प्रवेशाचे फॉर्म निघाले तेव्हा ती विचारायला आली. "मावशी, राजस्थानचा भरू की महाराष्ट्राचा? मतलब, दोन्ही भरू?"

"अगं, आपण महाराष्ट्राचे ना? तिकडच्या कोट्यातून भर. राजस्थानचा राहू दे, उगाच दोन दगडांवर पाय नको."

तिच्या वडिलांना रहिवासाचा दाखला आणायला गावी पिटाळलं. नियमांची पुस्तिका माझ्या टेबलावरच होती. एरवी मी महाखडूस, दुसऱ्या कुणासाठी ओळ न् ओळ वाचली असती. हिच्यासाठी उघडलीसुद्धा नाही. घरचंच तर होतं, त्यात काय वाचायचं?

त्या कोट्याला नुसता दाखला पुरत नव्हता, दहावी-बारावीही तिकडूनच झालेली हवी होती. हे कळलं तेव्हा राजस्थानची मुदत उलटून आठवडा झाला होता. तिचे मार्क इथे सहज पुरले असते.

बापलेक शाळेत आले. वडिलांच्या हातात तो दाखला, नव्याकोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. म्हणाले, "तुम्ही तर आपलं समजून सांगितलं, ताई. आमचंच नशीब." दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मुलगी खिडकीतून बाहेर पार्किंगकडे बघत बसली होती. उठताना म्हणाली, "थँक यू, मॅडम."

मला रडूबिडू काही आलं नाही. पुढच्या तासाला वर्गावर जाऊन ध्येय कसं ठरवावं ते शिकवलं. घरी येऊन मेथी निवडली. अजूनही तसंच आहे. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. चाचपते, पण लागत काहीच नाही. लागायला हवं होतं, एवढं कळतं. ती इथेच बी.एस्सी. करते असं ऐकलंय. फोन करायचं धाडस मला झालेलं नाही.

यंदा जुलैत अकरावीतली एक नवी मुलगी दाराशी आली. "मॅडम, तुम्ही पण मराठी ना? आम्ही नागपूरचे." चेहरा नुसता फुलला होता तिचा.

मी पुस्तिका उघडली आणि म्हणाले, "बैठो. दसवीं कहाँ से की?"