जोडीची डिस्क

नव्वदच्या दशकात मी सुरतजवळ कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचो. कुठल्या शेडला कुठला रंग किती घालायचा, त्या सगळ्या रेसिपी एका सर्व्हरवर होत्या. कलर मास्तर खाली लॅबमधल्या पडद्यावर त्या बघायचा आणि माल रंगवायला घ्यायचा. सर्व्हरमध्ये डिस्क दोन. एकीवर जे लिहिलं जाई तेच दुसरीवरही. एक मेली तर दुसरीने चालवून न्यायचं. हे काम मी कुणालाच शिकवलं नव्हतं. आपल्यावाचून मिलचं पान हलत नाही, असा तोरा होता मला. परक्या गावात एकट्या माणसाला तेवढाच आधार.

पाठच्या बहिणीचं लग्न होतं, नंदुरबारच्या पुढे आमच्या गावी, गोरज मुहूर्तावर. मी एकुलता एक भाऊ, त्यामुळे नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा. रजा एकाच दिवसाची, म्हणून हळद चुकली होतीच. लग्नाच्या दिवशी सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन, सर्व्हरच्या खोलीची किल्ली द्यायला मिलमध्ये गेलो आणि लाइट गेली. यूपीएसने दोन मिनिटांत मान टाकली. लाइट परत आली ती झटका देतच. पहिली डिस्क नुसती टकटक करायला लागली.

तिची वायर काढून टाकली आणि दुसऱ्या डिस्कवरून सर्व्हर उठवला. इंटरकॉमवर मास्तर ओरडला, "नेवी ब्लू आ गया!" शेठ दारातूनच म्हणाले, "चालू थई गयुं ने? तो हवे जा, भाई. बहेननां लग्न छे."

मुहूर्ताला पोचवणाऱ्या एकमेव गाडीला अजून दोन तास होते. पण आता डिस्क एकच उरली होती, आणि तीही गेली तर सगळ्या रेसिपी गेल्या. कपाटातली नवी डिस्क जोडून नक्कल सुरू केली. पडद्यावरचे टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते. खरं सांगायचं तर नक्कल माझ्यावाचूनही झाली असती. मी नुसता बघत बसलो होतो. गाडीची वेळ टळली तेव्हा स्वतःचाच भयंकर राग आला. काम संपलं तेव्हा गावी अक्षता पडत असणार. त्या गार खोलीत मी प्रवासासाठी घेतलेला डबाही उघडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला, आईला बोलावून घेतलं. "कान कोनी पिळा?" मी विचारलं.

"तुना काकाना पोऱ्यानी. असा पिळा का नवरदेव वरडना! समदा हासनात. काही अडनं नही, भाऊ. तू जीवले लाई लेऊ नको."

ती मला धीर देत होती. त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मंडप माझ्यासाठी घटकाभर तरी खोळंबायला हवा होता, असं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

मिलच्या फाटकाशी मास्तर भेटला. काल दिवसभर मी त्याच्या डोक्यावरच्याच खोलीत होतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"शादी कैसी रही?" त्याने विचारलं.

"मस्त," मी म्हणालो. "दूल्हे का कान ऐसा मरोड़ा, चिल्ला उठा."