धोतरातून गाळलेला उजेड

लोक फोटो घेऊन जातात आणि किस्से आपल्याकडे ठेवून जातात! धुळ्याला घरच्या हॉलमध्ये मी फोटो काढायला लागले, तेव्हापासून इतके साचलेत की पाहुण्यांना चहाआधी एखादा सांगूनच होतो. आमचे मिस्टर नोकरीला जळगावला, रविवारी येतात. त्यामुळे माझे असिस्टंट म्हणजे सासरे, आबा. बसवर ड्रायव्हर होते. उजेडातलं त्यांना अप्पर आणि डिप्पर एवढंच ठाऊक!

स्टुडिओचे लाइट काही परवडणारे नव्हते. मग साधे एलईडी बल्ब आणले आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडला होल्डर बांधले. पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या मालूताई. गडबडीत एक बल्ब पांढरा आणि एक पिवळसर आला होता. नुसत्या डोळ्यांना कळलं नाही, फोटोत मात्र त्यांचा एक गाल पिवळाधमक!

आबांनी वाकून स्क्रीन पाहिली. "अर्धीच हळद लागली वाटतं!"

आता बल्ब घेताना मी दोन्ही शेजारी शेजारी लावून बघते. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

*

उघड्या बल्बचा उजेड चेहऱ्याला टोचतो. नाकाची सावली अशी पडते, की बाईलाही मिशी फुटावी! पुढे पातळ पांढरं कापड धरलं की तोच उजेड मऊ होतो. घरात तसं कापड एकच सापडलं, आबांचं ठेवणीतलं धोतर. दिलं टांगून.

एकदा पारोळ्याची मंडळी मुलीचा बायोडेटाचा फोटो काढायला आली. मुलगी अगदी ताठ बसलेली. मी बटण दाबणार, तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला, "सूनबाई, माझं धोतर सोड आधी! मला लग्नाला जायचंय!"

मुलीचे वडील चपला शोधायला लागले. मुलगी मात्र इतकी खळखळून हसली, की शेवटी तोच फोटो पसंत पडला.

*

एका बाळाचे फोटो काढताना लाइट गेले. बाळ महामुश्किलीने झोपलेलं. मग गादीसकट उचलून त्याला खिडकीशी नेलं आणि दुसऱ्या बाजूने फ्रिजच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल धरला. एवढा सुंदर उजेड माझ्या स्टँडने कधी दिला नव्हता.

थर्माकोल धरून उभे असलेले आबा म्हणाले, "मग हा एवढा संसार मांडला कशाला?"

तेव्हापासून मी आधी खिडकी बघते, मग बटणाला हात लावते.

*

पहूरहून एक मुलगी बायोडेटाच्या फोटोसाठी आली होती, सोबत आई. घरची केळीची शेती. मुलीच्या हनुवटीपासून कानापर्यंत लहानपणी भाजल्याचा डाग होता. आई माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, ती बाजू अंधारात जाऊ द्या."

आबांनी त्याच बाजूला थर्माकोल धरला होता, सावलीत थोडा उजेड परत जावा म्हणून. मी त्यांना हटायची खूण केली.

मुलीने ते पाहिलं. "राहू द्या, आबा. लग्न झाल्यावर मी रोज कुठं अंधार शोधत फिरू?"

आई उठली. मला वाटलं, निघाल्या या. पण ती मुलीजवळ गेली आणि डागावर आलेले केस तिने स्वतःच्या हाताने कानामागे सारले.

"काढा," म्हणाली.

*

आणि शिंदखेड्याकडच्या अक्का. चांगल्या वयस्कर, मालक कधीच गेलेले. नातसून त्यांना घेऊन आली होती. आपल्यामागे भिंतीवर लावायला एक चांगला फोटो असावा, एवढीच अक्कांची इच्छा. नाहीतर घरचे आधार कार्डावरचाच मोठा करतील, ही भीती. "भूत दिखस मी त्यामा!"

मी त्यांना बाकावर बसवलं, तर त्या सरकत सरकत एका कडेला गेल्या. "मध्ये बसा ना," म्हटलं, पण ऐकेनात. शेवटी मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. पलीकडचा दिवा रिकाम्या बाकावर फुकट जळत होता, तो बंद केला.

"तो दिवा राहू दे, माय," अक्का म्हणाल्या.

"अक्का, तिकडे कुणीच नाही."

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "त्यासना फोटो कधी निंघनाच नही. तठेबी उजेड पडू दे."

"आजोबांचा," नातसून खाली बघत म्हणाली. आबा उठले आणि त्यांनी दिवा लावला. मी कॅमेरा परत मागे घेतला, पूर्ण बाक दिसेल असा, आणि फोटो काढला.

स्क्रीन अक्कांसमोर धरली. त्यांनी स्वतःकडे जेमतेम पाहिलं. शेजारच्या मोकळ्या जागेकडे मात्र कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"बठ्ठं बराबर शे," म्हणाल्या. "टोपी तेवढी वाकडी शे त्यासनी."