अकरा वाजताची मोजणी

पुरस्कार समितीचं उत्तर वाचलं आणि मी स्टाफरूमच्या टेबलावर हात आपटला. ‘अर्जदार कष्टाळू आहेत, परंतु संशोधनातलं नवेपण स्पष्ट होत नाही.’ डोंबल यांचं! यांच्यातल्या एकाचे तरी पाय कधी खाडीच्या चिखलात गेलेत का?

अर्जदार म्हणजे माझी विद्यार्थिनी, रेवसजवळच्या कोळीवाड्यातली. पुरस्कार मिळता तर तिची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली असती. अट पस्तिशीच्या आतली, आणि तिला पस्तीस पुरी व्हायला दोन महिने उरले होते.

दोन दिवस मी भेटेल त्याच्यापुढे समितीचा उद्धार केला. तिसऱ्या दिवशी तिला बोलावून माझ्या शिफारसपत्राची प्रत तिच्यासमोर टाकली. “बघ, मी काय काय लिहिलं होतं! तरी या गाढवांना कळत नाही.”

तिनं उभ्याउभ्याच वाचलं.

“सर, यात माजी आय हाय, आयची म्हावऱ्याची पाटी हाय. माजं काम न्हाय.”

“काम नाही म्हणजे?” मी भडकलोच. कागद हिसकावून घेतला आणि वाचला. परिस्थितीशी झगडा, आईची मासळीची पाटी, नम्र स्वभाव, जिद्द. अख्खं पान भरलेलं. निवट्यांबद्दल अर्धी ओळ.

तिचं काम मला पाठ होतं. चिखलात बिळं करून राहणाऱ्या या माशांची मोजणी आम्ही वर्षानुवर्षं केली, ती कॉलेजची जीप खाडीवर पोचायची तेव्हा, अकरा वाजता. अकराला पाणी ओसरलेलं सापडतं ते अष्टमीच्या आसपास, आणि ती भांगाची ओहोटी. पाणी लांब जातच नाही. खालचा चिखल उघडा पडतो पुनवे-अवसेला, सकाळी सहाच्या सुमारास. तेव्हा आम्ही अंथरुणात. निवट्या धरणारी कुठलीही कोळीण हे सांगेल. आम्ही कधी विचारलं नाही. ही मात्र तिथी बघून पहाटे गेली. खाली बिळंच बिळं. ‘या खाडीतल्या निवट्या संपत आल्या’ असं मी छापून मोकळा झालो होतो, ते साफ चुकीचं निघालं.

हे पत्रात लिहिलं असतं तर माझं नाक कापलं गेलं असतं. म्हणून मी तिच्या आईची पाटी पुढे केली, आणि वर चोराच्या उलट्या बोंबा मारत गावभर फिरलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच दुपारी नवं पत्र लिहिलं. पहिली ओळ: ‘माझी मोजणी चुकीची होती, हे हिनं सिद्ध केलं.’ लिहायला दहा मिनिटं लागली. तिला दाखवलं.

“आता बरोबर हाय, सर,” ती म्हणाली. पत्र त्याच संध्याकाळी समितीला पाठवलं.

समितीनं कळवलं, काम खरोखर मोलाचं आहे, पण निकाल बदलता येत नाही. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा.

पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही.