मैत्रिणीचा डोंगरातला शॉर्टकट

माझी मैत्रीण शाळेत गणित शिकवते. त्यामुळे तिला वाटतं, जगातली कुठलीही गोष्ट आधी सोपी करून घेतली की सुटतेच. आमच्या इमारती गंगापूर रोडला समोरासमोर आहेत. मुलं लहान असताना त्यांच्या शाळेच्या रिक्षाची वाट बघत आम्ही रोज फाटकापाशी उभ्या राहायचो, तिथे ओळख झाली. पुढे मुलं शिकायला बाहेरगावी गेली, रिक्षा बंद झाली, तरी आम्ही सवयीने संध्याकाळी तिथेच उभ्या राहून अख्ख्या सोसायटीची खुशाली एकमेकींना सांगायचो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, म्हणजे दिवसभर बसते. ती वर्गात दिवसभर उभी असते. गुडघे मात्र दोघींचे सारखेच दुखायला लागले. डॉक्टरांनी दोघींना एकच सल्ला दिला, सायकल चालवा.

मी सल्ला ऐकून घरी आले. तिने सायकल आणली.

पहिली आणली ती रस्त्यावर चालवायची, उसाच्या कांडीएवढ्या बारीक टायरची. दोन महिन्यांनी दुसरी आणली ती डोंगरात चालवायची, अजगरासारख्या जाड टायरची. "दोन कशाला गं?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "तू स्वयंपाकाला आणि लग्नाला एकच साडी नेसतेस का?" मग हेल्मेट आलं, हातमोजे आले, ठोके मोजणारं घड्याळ आलं आणि बुडाशी गादी शिवलेली एक काळी चड्डी आली. ही चड्डी वाळत घालताना ती वरून चादर टाकायची. शेजारच्या गॅलरीत तिच्या चुलत सासूबाई राहतात आणि त्यांची नजर अजून शाबूत आहे.

तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, सातपूरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. हा माणूस घरीही ड्युटीवर असतो. ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही, स्टुलावर चढायचं नाही, कुकरची शिट्टी वर असताना जवळ उभं राहायचं नाही. बायकोला शाळेत सोडायला आणि आणायला ते गेली वीस वर्षं स्कूटरवरून जातात. सायकलला त्यांनी बऱ्याच वाटाघाटींनंतर परवानगी दिली. "सोमेश्वरच्या देवळापर्यंत जायचं. सरळ रस्ता आहे. आणि एकटीने नाही." त्या 'एकटीने नाही'मध्ये मी आले. मुलाची गच्चीवर गंजत पडलेली गिअरची सायकल मी खाली उतरवली. तिचे सहा गिअर होते, त्यातले चालणारे दोन, आणि ते कुठले हे सायकल स्वतः ठरवायची.

फेब्रुवारीतली नाशिकची सकाळ फार चांगली असते, असं लोक पांघरुणातून सांगतात. सहा वाजता रस्त्यावर बोटं आखडतात आणि नऊ वाजता त्याच रस्त्यावर घाम निथळतो. रविवारी तर पुरुषांचे घोळके सायकलींवरून निघायचे, भडक कपड्यांत. आम्हाला मागे टाकताना "सावकाश, मॅडम!" असं सांगून जायचे. थोड्या वेळाने तेच लोक मिसळीच्या हॉटेलात तर्रीची तिसरी वाटी मागताना दिसायचे. जाळायचं तेवढं जाळून त्याच्या दुप्पट भरून घेण्याचा हा व्यायाम आमच्या गावाने शोधून काढला आहे.

सोमेश्वर तिला दोन आठवडे पुरलं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही पुढच्या दुगावला पोचलो, चौथ्यात गिरणाऱ्याला. घरी सांगितलं सोमेश्वरच. मी म्हटलं, "अगं, भाऊजींना कळलं तर?" ती म्हणाली, "सोमेश्वरावरूनच जातो ना आपण? मग खोटं काय?" गणितात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी ती डोंगरातली सायकल घेऊन आली. फोनवरच्या नकाशात तिने एक तुटक रेघ दाखवली. "गिरणाऱ्याच्या पुढे ही वाट फुटते. टेकडी ओलांडली की पलीकडे थेट द्राक्षबागांत उतरते. थोडीशीच चढण आहे."

"आणि मग?"

"मग पूर्ण उतार!"

रस्ता छान होता, हे मी नाइलाजाने का होईना कबूल करते. आंब्यांना मोहोर आला होता, बांधावरचे पळस पानं टाकून लालभडक झाले होते, बागांमध्ये घडांना कागद गुंडाळून ठेवले होते. ती यातलं काहीही न बघता मनगटावरचं घड्याळ बघत होती. "एकशे बेचाळीस," म्हणाली. माझे ठोके कुणी मोजत नव्हतं. ते कानात ऐकूच येत होते.

थोडीशीच चढण आम्ही तास-सव्वा तास चढलो. डोंगरातल्या सायकलिंगमध्ये सायकल फारशी चालवायची नसते, तिला हाताला धरून फिरायला न्यायचं असतं, हे मला तेव्हा समजलं. वाट बैलगाडीची होती, पण शहाण्या बैलांनी ती केव्हाच सोडली असावी. माथ्यावर पोचल्यावर मी एका दगडावर बसले आणि पाणी प्यायले. खाली बागा दिसत होत्या. मधला उतार मुरमाचा होता.

"आता बघ," ती म्हणाली. "उतारावर ब्रेक दाबायचा नसतो. नुसता हात लावून ठेवायचा. सायकलवर विश्वास ठेवायचा."

"हे कुणी सांगितलं?"

"व्हिडिओत होतं."

ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत खरोखर सुरेख गेली. पाठ वाकवलेली, कोपरं बाहेर, वेणी वाऱ्यावर. मी सायकल हातात धरून मागून चालत होते आणि मला तिचा हेवा वाटला. दुसऱ्या वळणावर पुढचं चाक मुरमात रुतलं. सायकल तिथेच थांबली, मैत्रीण थांबली नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं ते आजवर तिला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. अगदी निमिषभर, पण वाटलं. घे, ठेव विश्वास, असं मनात आलं. मग ती उठेना, तेव्हा मी सायकल टाकून धावले. धावले म्हणजे मुरमावरून बुडावर घसरत तिच्यापाशी पोचले.

ती डाव्या कुशीवर पडली होती. हेल्मेटला कपाळापाशी तडा गेला होता. खांद्याजवळ काहीतरी नको तिथे वर आलं होतं.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"सायकल बघ आधी."

"सायकल गेली खड्ड्यात!"

"खड्ड्यात गेली?" ती रडायला लागली. मी इतक्या वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या वर्गातली मुलं रडतात, ती नाही. "आता संपलं सगळं. स्कूटरचं झालं तसंच होणार."

"कुठली स्कूटर?"

लग्नानंतर एकदाच ती स्कूटर शिकायला गेली होती, एकदाच पडली होती, आणि त्यानंतर तिला मागच्या सीटवर बसवण्यात आलं ते कायमचं. हे तिने मला त्या मुरमात पडल्या पडल्या सांगितलं. मी जी इतकी वर्षं फाटकापाशी उभी राहून सगळ्या सोसायटीची बित्तंबातमी ठेवत होते, तिला ही एक गोष्ट माहीत नव्हती.

आरडाओरडा ऐकून खालच्या बागेतून द्राक्षं तोडणाऱ्या दोन बायका वर आल्या. त्यातल्या थोरलीच्या हातात घड कापायची कात्री होती. तिने मैत्रिणीकडे पाहिलं, मग सायकलकडे, मग माझ्याकडे.

"कुठं चालल्या व्हत्या?"

"कुठे नाही," मी म्हटलं. "अशाच."

"अशाच?" तिने वर टेकडीकडे पाहिलं. "आन् खालून चांगला डांबरी रस्ता हाय की!"

बाईने डोक्याचा रुमाल सोडला, मैत्रिणीचा हात कोपरात दुमडून छातीशी धरला आणि गळ्यात अशी झोळी बांधली की नंतर इस्पितळातल्या डॉक्टरांनीही ती सोडताना दोनदा पाहिली. "गळपट्टीचं हाड मोडलंया. लय दुखंल, पन मरत नाय कुनी," ती म्हणाली. इतकं स्वच्छ निदान मी मोठमोठ्या तपासण्यांनंतरही ऐकलेलं नाही.

बागेतून द्राक्षांची पिकअप शहराकडे निघाली होती. चालकाने मैत्रिणीला पुढे बसवलं, मला मागे क्रेटांमध्ये, दोन सायकलींसकट. माझ्याकडे बघून तो कळकळीने म्हणाला, "ताई, जपून बसा हां." मी कृतज्ञ झाले. तो पुढे म्हणाला, "माल नाजूक हाय."

इस्पितळात शिरण्यापूर्वी तिने माझा हात धरला. "ह्यांना सांग, शाळेच्या जिन्यावरून पडले." विव्हळणाऱ्या माणसाला मी नाही म्हणू शकत नाही. भाऊजी आल्यावर मी सगळं घडाघडा सांगितलं. शाळेचा जिना, ओली पायरी, पाय सरकला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग खाटेवरच्या बायकोकडे पाहिलं. मुरमाने माखलेले हातमोजे. केसांत कुसळं. आणि ती गादीची चड्डी.

"रविवारी?" ते म्हणाले. "या कपड्यांत?"

मी घाईघाईने चड्डीवर चादर ओढली.

त्यांनी मग कारखान्यातली पद्धत लावली. घटना कुठे घडली, किती वाजता, पृष्ठभाग कसा होता, वेग किती. मैत्रीण डोळे मिटून एकेका प्रश्नाचं खरं उत्तर देत गेली. शेवटी ते म्हणाले, "संरक्षक साधनं?" मी हेल्मेट पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, तड्यावरून अंगठा फिरवला आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला, सायकली घरात नकोत. त्या माझ्याकडे आल्या. माझ्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी दोन सायकली उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे येणारे पाहुणे माझ्या फिटनेसचं कौतुक करून जायला लागले. मी ते नम्रपणे स्वीकारत होते. मैत्रीण हात गळ्यात बांधून गॅलरीत बसायची. शाळेत जायला लागली ती स्कूटरच्या मागच्या सीटवर, पूर्वीसारखी. भाऊजी खड्डा दिसला की गाडी थांबवून तिला उतरवायचे आणि खड्ड्यापलीकडे परत बसवायचे. आमच्या भागातले खड्डे लक्षात घेता ती शाळेत जवळपास चालतच जात होती.

फाटकापाशी ती सायकलचं नाव काढत नव्हती. सोसायटीच्या तब्येतीतही तिला रस उरला नव्हता. मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी भाऊजींनाच गाठलं आणि उसनं धैर्य आणून म्हटलं, "भाऊजी, तुमच्या कारखान्यात कुणाला लागलं तर तुम्ही मशीन विकता, की माणसाला नीट शिकवता?"

"मशीन तुमच्या हॉलमध्ये आहे ना अजून?" एवढंच ते म्हणाले.

चैत्रात डॉक्टरांनी परवानगी दिली. उन्हाची काहिली सुरू झाली होती, म्हणजे सायकलला सर्वांत वाईट काळ. आम्ही निघालो, मागून स्कूटरवर भाऊजी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन. आमचा वेग इतका की भाऊजींना तोल सांभाळायला पाय टेकावे लागत होते. सावकाश, मॅडम म्हणणारे घोळके आता भाऊजींना नमस्कार करून जायचे. त्यांना वाटत असावं, कुठल्या तरी मोठ्या बाई आहेत, बंदोबस्तात निघाल्या आहेत.

दुसऱ्याच रविवारी, दुगावच्या अलीकडे, मैत्रिणीने मागे वळून पाहिलं आणि जाड टायरची सायकल डावीकडे एका पाऊलवाटेवर घातली. बाभळींमध्ये दिसेनाशी झाली. स्कूटर तिथे जाणं शक्य नव्हतं, माझी सायकल जाणं शक्य असूनही मी ते जाहीर केलं नाही. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.

"कुठे निघते ही वाट?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

ते एकाएकी म्हणाले, "स्कूटरच्या वेळी मीच शिकवत होतो. मागून धरतो म्हणालो आणि सोडलं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं हो. मलाच रात्रभर झोप नाही आली."

"मग तिला तसं सांगितलं का नाही?"

"काय सांगणार?" ते म्हणाले, आणि प्रथमोपचाराची पेटी उघडून आतल्या पट्ट्या पुन्हा नीट लावायला लागले.

पंधरा-वीस मिनिटांनी ती भलत्याच दिशेने, रस्त्यावरूनच, धुळीने पांढरी होऊन आली. चेहरा लालबुंद. भाऊजींनी तिच्या खांद्याकडे पाहिलं, मग चाकांकडे. बाटली पुढे केली.

"अशी उन्हात काय उभी आहात दोघं?" ती आमच्यावरच ओरडली. "जरा सावलीला थांबता येत नाही?"