दासोहाचं पातेलं आणि तीन चिठ्ठ्या

मुरुमच्या महांतप्पांच्या सदऱ्याच्या खिशात पंधरा दिवस तीन चिठ्ठ्या होत्या आणि तिन्हींवर तीन वेगळ्या वेल्डिंग मशीनची नावं होती. सकाळी चहा घेताना ते पहिली वाचत आणि म्हणत, ठरलं. दुपारी जेवून उठले की दुसरी वाचत आणि परत म्हणत, ठरलं. संध्याकाळी हात तिसरीकडं गेला की भाकरीचं पीठ मळता मळता मल्लम्मा म्हणायच्या, "हे बी ठरलं म्हणा. म्हंजे तिन्ही एकदमच आणू."

चौतीस वर्षं लोखंड जोडण्यात घालवलेल्या माणसाची ही गत व्हावी, याचं गावाला नवल वाटलं असतं. पण गावाला ठाऊक नव्हतं.

उमरग्याच्या रस्त्याला महांतप्पांचं दुकान होतं. ट्रॉल्या, गेटं, गोठ्याच्या जाळ्या, बैलगाडीच्या धावा. त्यांच्या हातचा सांधा सुटला असं कुणी सांगणार नाही. पुढं गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी दुकान आवरलं आणि घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये बस्तान मांडलं. आत तेल भरलेलं जुनं वेल्डिंगचं मशीन तिथं आणायला चार गडी लागले होते. ते चालू झालं की गल्लीतले दिवे मिचमिचायचे आणि बायका म्हणायच्या, बसले महांतप्पा कामाला.

मशीन कसं ओळखावं याचं त्यांचं एकच माप होतं. वजन. जड मशीन म्हणजे आत भरपूर तांबं, आणि तांबं भरपूर म्हणजे मशीन चांगलं. यात कधी चूक झाली नव्हती.

मग मठातलं पातेलं आलं.

गावच्या मठात जत्रेला दासोह असतो; येईल त्याला पोटभर जेवण. त्यात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजते ती एकाच पातेल्यात. कमरेएवढं उंच, आपल्याकडं ज्याला जर्मनचं म्हणतात त्या ॲल्युमिनियमचं. महांतप्पांच्या वडिलांनी, विरुपाक्षांनी, ते सोलापुराहून आणून मठाला दिलं होतं. काठावर त्यांचं नाव ठोकलेलं आहे. जत्रेची पहिली हुग्गी त्यातच चढायची, मग बाकीच्या चुली पेटायच्या, अशी रीत पडून गेलेली. यंदा भांडी घासताना बुडाजवळ वीतभर चीर दिसली.

मठाचा कारभार गुरुसिद्धप्पा बघतात. माणूस वाईट नाही, पण रोखठोक. त्यांनी बैठकीत सांगितलं की स्टीलचं नवं पातेलं द्यायला दोघं तयार आहेत, जुनं मोडीत घालू. खाली मान घालून बसलेले महांतप्पा तेवढ्यात बोलून गेले, "म्या करतो नीट. जत्रेच्या आत."

घरी आणून त्यांनी ते आपल्या जुन्या मशीनवर घेतलं. ॲल्युमिनियमच्या कांड्या मिळतात, त्या लावल्या. आता लोखंडाचं कसं असतं, ते आधी तांबूस होतं, मग लाल, मग पिवळं. सांगून सवरून वितळतं. जर्मन काही सांगत नाही. वरून होतं तसंच दिसत राहतं आणि एकदम खाली गळून पडतं. चिरेच्या शेजारी दहा रुपयांच्या नाण्याएवढं भोक पडलं.

महांतप्पांनी मशीन बंद केलं. पातेल्यावर पोतं टाकलं. घरात येऊन हात धुतले आणि जेवले नाहीत. मल्लम्मांनी शेडमध्ये जाऊन पोतं उचलून बघितलं, पुन्हा होतं तसं झाकलं. जत्रेला तेव्हा सव्वीस दिवस होते.

अशा कामाला टिग मशीन लागतं, हे महांतप्पांना ऐकून माहीत होतं. एका हातात टॉर्च, तिच्या तोंडाशी सुईसारखी काडी, भोवती आरगॉन गॅस, दुसऱ्या हातात भरणीची तार. पण कुठलं टिग? पुतण्या शिवप्रसाद पुण्याला कारखान्यात वेल्डिंगलाच आहे. त्याने फोनवर एक नाव सांगितलं आणि म्हणाला, सात किलोचं आहे काका, खांद्याला अडकवून फिराल. ती पहिली चिठ्ठी. मुलगी शिवरंजनी लातूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. ती म्हणाली, शिवप्रसाददादाचं मशीन फक्त डीसी आहे, त्यावर स्टील होईल पण ॲल्युमिनियम नाही. ॲल्युमिनियमवर एक पापुद्रा असतो, तो फोडायला एसी-डीसी दोन्ही देणारंच घ्या अप्पा. ती दुसरी. आणि उमरग्याचे दुकानदार हणमंतप्पा म्हणाले, पाच कामं करणारं एकच मशीन घ्या, कटिंगसुद्धा होतं. ती तिसरी.

महांतप्पांनी प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारला आणि प्रत्येक उत्तरातून दोन दोन प्रश्न निघाले. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्याला चालंल का? गॅसची टाकी आणायची कशी? एसटीवाला घेईल का? पल्स म्हणजे काय आणि ती नसली तर काय बिघडतं? शिवरंजनीने पापुद्र्याचं तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळी ते "आलं ध्यानात" म्हणाले आणि फोन ठेवून मल्लम्मांना विचारू लागले, "दुधावर साय येती, तसं काही म्हणती का गं ती?"

"तसंच असंल," मल्लम्मा म्हणाल्या. त्यांच्या शिलाई मशीनची बॉबिन संपली होती. "उद्या उमरग्याला जाऊ. मला बी दोरे आणायचेत. हातात धरून तर बघा."

हणमंतप्पांच्या दुकानात मागच्या बाजूला चालवून बघायची सोय होती. महांतप्पांनी आधी मशीनं उचलून बघितली. शिवप्रसादचं एका हाताने उचललं गेलं. रिकाम्या डब्यासारखं. त्यांचा जीव थोडाथोडा झाला. इतक्या हलक्या वस्तूवर बापाचं पातेलं टाकायचं? पण पोरगा तर रोज तेच काम करतो. मग त्याचं खरं की आपल्या मनगटाचं?

हणमंतप्पांनी एसी-डीसी मशीन लावून टॉर्च हातात दिली. सांगितलं, काडी पत्र्याला टेकवायची नाही. तांदळाच्या दाण्याएवढी वर धरायची, बटण दाबलं की ठिणगी आपोआप उडी मारते. महांतप्पा मान डोलावून वाकले, तोंडापुढं काच घेतली आणि टक्कन टोचलं.

यात त्यांचा दोष नव्हता. जुन्या कामात कांडी लोखंडावर टक मारल्याशिवाय पेटतच नाही. चौतीस वर्षांत ती टक हातात मुरली होती. पण इथं टेकली की काडीचं टोक काळं पडतं, पुन्हा घासून घ्यावं लागतं. हणमंतप्पांनी घासून दिलं. महांतप्पांनी पुन्हा टोचलं. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून हात वर धरला, ठिणगी पडली, आणि ती बघून हाताने सवयीने आणखी एक टक मारली.

"अण्णा, हे टोचायचं काम न्हाय," हणमंतप्पा हसत म्हणाले. "डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यासारखं कराय लागलाव."

मग त्यांनी बटणाऐवजी पायाखाली पेडल दिलं. जितकं दाबाल तितकी आग जास्त, सोडलं की कमी. महांतप्पांनी पाय ठेवला तो ट्रॅक्टरच्या ब्रेकवर ठेवल्यासारखा. पत्र्याचा तुकडा खाली गळून पडला. भोक तेवढंच. तसंच गोल.

ते काच वर करून त्या भोकाकडं बघत राहिले. मग म्हणाले, जाऊ दे, आपल्याच्यानं होत न्हाय, गुरुसिद्धप्पांना सांगून टाकतो, घाला म्हणावं मोडीत.

मल्लम्मा स्टुलावर दोऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चिडल्या की त्या कन्नडवर जातात. "सुम्म कूडरी," म्हणजे गप बसा, एवढं बोलून त्या पेडलकडं आल्या, चप्पल काढली आणि रिकाम्या पेडलवर पायाचा चवडा ठेवून हळूच दाबून बघितला. पुन्हा दाबला. पुन्हा.

"हे तर माझंच हाय की," त्या म्हणाल्या.

त्यांच्या शिलाई मशीनला बारा वर्षांपासून मोटर आहे आणि तिचं पेडल याच जातीचं. एका हाताने कापड सरकवायचं, दुसऱ्याने वळण द्यायचं, पायाने वेग सांभाळायचा. मशीन कुठलं घ्यायचं यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण नवऱ्याचा पाय चुकतो आहे, हे दुकानातल्या सगळ्यांत आधी त्यांना कळलं.

त्या दिवशी काहीच न घेता दोघं परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या आटोपल्यावर मल्लम्मांनी नवऱ्याला शिलाई मशीनवर बसवलं. जुन्या धोतराचं फडकं पुढं टाकलं आणि सरळ टीप मारायला सांगितली. महांतप्पांनी पाय टेकवला. मशीन धावत सुटलं आणि फडकं भिंतीला जाऊन लागलं. शेजारच्या शांतम्मा दारातून बघून गेल्या आणि गल्लीत सांगितलं की महांतप्पांनी लोखंड सोडलं, आता झबली शिवणार. दोन बायका खरोखर मापं घेऊन आल्या.

पाच दिवस ते बसले. टाच जमिनीला, चवडा पेडलवर. मल्लम्मा शेंगा फोडत शेजारी बसायच्या. सुईजवळ बोट न्यायला ते घाबरत होते. त्यावर त्या म्हणाल्या, "बोट सुईजवळच ठेवायचं. पर लावायचं न्हाय. लावलं की गेलं."

महांतप्पा थांबले. फडक्यावरून बोट काढून त्यांनी ते सुईच्या जवळ नेलं, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून, आणि तसंच धरून ठेवलं. बराच वेळ.

उमरग्याला दुसऱ्यांदा गेले तेव्हा जत्रेला आठ दिवस उरले होते. हणमंतप्पांच्या दुकानात ते वाकले. हात एकदा टक मारायला गेला आणि मधेच थांबला. ठिणगी पडली. पायाखाली आग हळूहळू वाढली आणि पत्र्यावर पाण्याच्या थेंबासारखं काहीतरी चकाकलं. जर्मन सांगतं तर. लाल होऊन नाही, चकाकून सांगतं. त्यांनी तार टेकवली, पाय हलका केला.

त्यानंतर त्यांनी पुन्हा तिन्ही मशीनं उचलून बघितली आणि सगळ्यांत जड, बावीस किलोचं, बाजूला काढलं. ते शिवरंजनीनं सांगितलेलं एसी-डीसीच होतं. तिच्या पापुद्र्याचं पटलं म्हणून घेतलं की वजनावरून, हे मल्लम्मांनी विचारलं. त्यांनी मशीन पुन्हा एकदा उचलून बघितलं.

गॅसची टाकी हणमंतप्पांच्याच टेम्पोने आली. मशीनवर अकरा बटणं होती. शिवरंजनी फोनवर आकडे सांगत गेली आणि मल्लम्मांनी त्यातल्या तीन बटणांपाशी, काटा जिथं ठेवायचा तिथं, लाल टिकल्या चिकटवल्या. उरलेल्या आठांना हात लावायचा नाही, असं ठरलं.

सकाळी व्होल्टेज बरं असतं, तेव्हा महांतप्पा बसले. स्टीलच्या ब्रशने चीर पांढरी होईस्तोवर घासली. आधी चीर भरली, मग भोकावर गोल चकती बसवून कडेनं जोडली. दोनदा टोक टेकलं, दोनदा काळं पडलं. पातेल्यात पाणी भरल्यावर एका जागी ओल दिसली. त्यांनी पाणी ओतून टाकलं, वाळवलं आणि तेवढंच पुन्हा केलं. मल्लम्मा दारात उभ्या होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, "टाच." गल्लीतले दिवे त्या दिवशी मिचमिचले नाहीत, म्हणून कुणाला काही कळलंच नाही.

जत्रेच्या सकाळी मठात पातेलं पाण्यानं काठोकाठ भरलं. गुरुसिद्धप्पांनी वाटीतली कोरडी विभूती घेऊन बाहेरून सांध्यावर ओढली. पाणी झिरपलं तर ती लगेच काळवंडते. सगळे वाट बघत बसले. चहा झाला. विभूती पांढरीच राहिली.

गुरुसिद्धप्पा गुडघे टेकून जवळून बघत होते. चिरेची रेघ त्यांना ठाऊक होती. त्यांनी शेजारच्या गोल चकतीवर बोट ठेवलं. "हे काय? हे तर नव्हतं."

महांतप्पांना सांगता आलं असतं की आधार दिलाय. बसलेल्यांपैकी कुणालाच त्यातलं कळत नव्हतं.

"ते म्या पाडलं," ते म्हणाले. "पयल्यांदा. जुन्या मशीनवर. तुम्हाला सांगितलं न्हाय."

गुरुसिद्धप्पांनी वर बघितलं, मग काठावरच्या विरुपाक्षांच्या नावाकडं. बोटाला लागलेली विभूती त्यांनी स्वतःच्या कपाळाला पुसली आणि उठता उठता पाणी ओतून द्यायला सांगितलं. गहू भिजवून तयार होते.

पहिली हुग्गी त्यातच चढली. पंगत बसल्यावर गुरुसिद्धप्पांनी महांतप्पांना विचारलं की हे मशीन कुठलं, आपल्या भाच्यालाही घ्यायचं आहे. महांतप्पांनी खिशात हात घातला. तिन्ही चिठ्ठ्या निघाल्या. त्यांनी पहिली वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचून पुन्हा पहिली वर घेतली. मग पलीकडं हुग्गी वाढत असलेल्या मल्लम्मांकडं बघितलं.

"बावीस किलोचं हाय," ते म्हणाले. "पर भाच्याला म्हणावं, आधी आमच्याकडं टीप माराय ये."