तोंड बंद ठेवायचा रविवार

फुटबॉल मला आजही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. ऑफसाइड म्हणजे काय हे नवऱ्याने मला जेवणाच्या टेबलावर मिठाची आणि लोणच्याची बरणी मांडून कितीदा तरी समजावलं आहे. बरण्या जागेवर गेल्या की ते ज्ञानही जातं. पण मुलगी क्लबकडून खेळायला लागली की आईची सुटका नसते. रविवारी सकाळी, जगातली शहाणी माणसं पांघरुणात असताना, आम्ही इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचे एकसारखे दिसणारे गोल चौक, म्हणजे राउंडअबाउट, पार करत कुठल्या तरी चिखलाच्या मैदानावर पोचतो आणि दोरीमागे ओळीने उभे राहतो. हातात थर्मास, पायात मोज्यांवर मोजे. आणि मग सगळे मिळून ओरडतात.

नवरा नागपूरचा. त्याच्या "पळ! अगं, पळ ना!"ने शेजारच्या मैदानावरचा रेफरीही दचकतो. बाकीचे आईबाप काही मागे नाहीत. एक म्हणतो मार, दुसरा म्हणतो थांब, तिसरा रेफरीची अक्कल काढतो, आणि बिचाऱ्या पोरी मध्ये चिखलात. मी ओरडत नाही, कारण काय ओरडायचं तेच मला माहीत नसतं. मी थंडीला शिव्या घालते, मनातल्या मनात, अस्सल पुणेरी.

आमची मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. घरात तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे बंद नळातून पाणी काढण्यासारखं. शाळा कशी झाली? फाइन. भाजी कशी झाली? फाइन. मैदानावर ती मधोमध खेळायची, बचाव करणाऱ्या मुलींच्या जरा पुढे. खेळायची म्हणजे, मला दिसायचं त्याप्रमाणे, उभी असायची. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. बॉल पायाशी आला की लगेच कुणाला तरी देऊन मोकळी. बाकीच्या आया मला प्रेमाने सांगायच्या, "तुझी मुलगी किती शांत आहे गं!" असलं कौतुक कधी करतात ते मला चांगलं कळतं. पोर गाण्यात बेसूर असली की तिच्या फ्रॉकचं कौतुक करतात, तसलं ते.

आणि या पोरीच्या डोक्यात होती अकॅडमी. मोठ्या क्लबांच्या अकॅडमीसाठी मुलं हेरत फिरणारी माणसं असतात, त्यांना स्काउट म्हणतात. ती कधी येणार हे कुणाला सांगत नाहीत, पण आली की सगळ्यांना समजतं. आईबापांपासून लांब, मैदानाच्या पलीकडच्या कडेला, जाड काळ्या जॅकेटमध्ये एकटंच कोणी उभं राहिलं की इकडे कुजबुज सुरू. मग पोरींच्याही अंगात येतं. कोणी बॉल सोडायला तयार होत नाही. जी ती आपलं कसब दाखवत सुटते, आणि आमचे सामने आम्ही त्या दिवशी हमखास हरतो. आमची तेवढी होती तशीच राहायची. स्काउट आला काय, गेला काय, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. मला तर वाटायचं, हिला जरा तरी पुढेपुढे करायला नको का?

त्या वर्षी सीझन सुरू झाला तेव्हा गाडीत मागच्या सीटवरून ती आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "आई, ह्या वर्षी कोणी मला घेतला नाही ना, तर मी सोडणार."

मी म्हटलं, "बरं." पण न उठवता ती आठवड्यातून एकदाच उठायची, रविवारी. ते गेलं तर त्या बंद खोलीच्या दाराआड काय उरणार होतं याची मला भीती वाटत होती. तेव्हापासून त्या काळ्या जॅकेटवाल्यांकडे मी परीक्षकाकडे बघावं तशी बघायला लागले. एक येऊन गेला, दुसरा येऊन गेला. दोघांनी आमच्या स्ट्रायकरची चौकशी केली. उंच, लांब पायांची, वाऱ्यासारखी सुटणारी पोर ती. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची, स्वभावाने लाघवी, आणि गोल तिचेच असायचे. तिच्याबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती.

मग आला तो शांत रविवार. इथे ही एक पद्धत आहे. आईबापांच्या आरडाओरड्याने मुलं भांबावतात, म्हणून वर्षातून एखाद्या रविवारी बघणाऱ्यांनी तोंड उघडायचंच नाही. टाळ्या वाजवा, पण शब्द नको. कोणाला राहवणार नाही म्हणून क्लबच्या एक बाई दारातच प्रत्येकाच्या हातात लॉलीपॉप ठेवत होत्या. बँकेतले मॅनेजर, दाढीवाले ट्रक ड्रायव्हर, माझा नवरा, सगळे गालात लॉलीपॉप धरून ओळीने उभे. मला इतकं हसू येत होतं की मी मफलर तोंडावर ओढून घेतला.

शिट्टी वाजली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मैदानाचा आवाज आला. बुटांचा चिखलातला पचपच आवाज, धापा, बॉलवर बसलेली लाथ. आणि या सगळ्याच्या वर एक आवाज. स्वच्छ, ठाम, जराही न चिडलेला. "डावीकडे बघ. वेळ आहे तुला. थांब. आता दे."

मी विचारात पडले, ही कोण बाई बोलतेय? कोचबाई असतील म्हणून बघितलं, तर त्याही तोंडात लॉलीपॉप धरून उभ्या. मग मला कळलं. ती माझी मुलगी होती.

मी थक्क झाले हा शब्द तोकडा आहे. जी पोर मला दिवसाकाठी चार वाक्यं देत नाही ती अकरा जणींचा संसार चालवत होती, तोही न थांबता. डावीकडच्या बचावातली बुटकी मुलगी घाबरून बॉल कुठेही भिरकावणार, तेवढ्यात हिचा आवाज, "मी आहे तुझ्यामागे, घाई नको." आणि ती मुलगी खरंच सावरायची. गोलकीपरच्या हातून बॉल निसटला, कोणी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "झालं ते झालं, पुढचा तुझा." समोरच्या संघातल्या एका दांडग्या मुलीला ही कधी अडवायला गेलीच नाही. फक्त दोघींना सांगितलं कुठे उभं राहायचं, आणि ती दांडगी दर वेळी आपण होऊन त्या दोघींच्या मध्ये येऊन अडकायची. बॉल यायच्या आधी आमची पोर मान वळवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची. स्वयंपाकघरात चारही शेगड्या पेटलेल्या असताना एखादी बाई नुसत्या वासावरून कुठलं दूध उतू जाणार ते ओळखते, तसं तिचं चाललं होतं.

मग मी स्ट्रायकरकडे बघितलं. ती पाठमोरी उभी होती. मागे बघतच नव्हती. "थांब," माझी मुलगी म्हणाली. "थांब. अजून. जा!" आणि ती लांब पायांची पोर सुटली, अगदी रिकाम्या दिसणाऱ्या जागेकडे, आणि ती तिथे पोचली तेव्हा बॉलही तिथे पोचला. गोल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, मला सुचलंच नाही. इतके दिवस मी या गोलांना टाळ्या वाजवत होते आणि ते कसे होतात हे आज ऐकत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात स्ट्रॉबेरीचा लॉलीपॉप.

तेव्हाच पलीकडे मला काळं जॅकेट दिसलं. या वेळी एक बाई होत्या, पिकल्या केसांच्या, हात खिशात घालून उभ्या. माझा जीव भांड्यात पडला. आज तरी कोणी ऐकेल! पण त्या होत्या मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि वारा त्यांच्याकडून आमच्याकडे वाहत होता. मला राहवेना. मी दोरी ओलांडली आणि गोलच्या मागून चालायला लागले. नवरा हातवारे करत मागे आला. त्या बाजूला आईबापांनी जायचं नसतं.

मी त्या बाईंच्या शेजारी जाऊन पोचले आणि कान टवकारले. तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. झुडपांमागे ड्युअल कॅरेजवेचा मोठा रस्ता गाड्यांनी घोंघावत होता, वारा कानात भरत होता. आणि समोर मला दिसत होती एक शांत मुलगी. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. चुकून मैदानावर आल्यासारखी मान वळवून बघणारी. आणि पुढे एक लांब पायांची पोर, जिच्या डोळ्यांना जणू पाठीमागचंही दिसतंय. मला त्या बाईंचा राग येईना. त्यांच्या जागेवरून मीही स्ट्रायकरच निवडली असती.

बाईंनी हसून विचारलं, तुमची कोणती? मी लॉलीपॉप तोंडातून काढेपर्यंत नवरा बोलून गेला. भिडस्तपणे, हात चोळत, आपल्याकडे पाहुण्यांसमोर बोलतात तसा. "ती मधली. काही विशेष नाही हो, आपली व्यायामासाठी खेळते. फार लाजाळू आहे."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तो लॉलीपॉप मी त्याच्या कोटावर चिकटवायच्या बेतात होते. अरे, कोणापुढे काय बोलतोस! मी बाईंना म्हटलं, "तुम्ही दहा मिनिटं पलीकडे चला. तिला नुसतं ऐका." बाई समजुतीने हसल्या. म्हणाल्या, आईबापांच्या बाजूला मी कधी उभी राहत नाही, तुमच्या आवाजाने माझं मत बनायला नको म्हणून. आज आवाज नाहीये, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आणि त्यांचे डोळे परत बॉलकडे गेले. बॉल स्ट्रायकरच्या पायात होता.

घरी आल्यावर मी नवऱ्याला फैलावर घेतलं. तो गोरामोरा होऊन म्हणाला, "अगं, आपल्याच पोरीचं कौतुक आपणच कसं करायचं?" त्याला खरंच कळत नव्हतं. इथे शेजारच्या बाई आपल्या कुत्र्याचं सुद्धा तोंडभर कौतुक करतात, आणि आम्ही मात्र पोरीला दुसऱ्यांसमोर उणं ठेवणं यालाच संस्कार म्हणत आलोय. मी तिच्या खोलीत गेले आणि सरळ म्हणाले, "आज मी तुला ऐकलं. मी असं काही आयुष्यात बघितलं नव्हतं." तिने खांदे उडवले. "आई, सगळे मुली बोलतात." आईच्या कौतुकाला भाव नसतो, हेही बरोबरच आहे.

आठवड्याभरात निरोप आला. स्ट्रायकरला अकॅडमीत बोलावलं होतं. आमच्या मुलीने तिला मिठी मारून अभिनंदन केलं, घरी येऊन बूट धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि शेडमध्ये ठेवून दिले. रडली नाही. पुढच्या रविवारी तिची खोली दुपारपर्यंत बंद राहिली. त्याच्या पुढच्याही. कोचबाईंचा फोन आला, मी म्हटलं, तिला बरं नाहीये. खोटंही नव्हतं ते.

एका शनिवारी संध्याकाळी दारात स्ट्रायकर उभी. अंगात अकॅडमीचं नवंकोरं जॅकेट आणि चेहरा मात्र उतरलेला. मी दोघींना किचनमध्ये बसवलं, कांदेपोहे पुढे ठेवले आणि सिंकपाशी उगाच भांडी घासत राहिले. दोघी इंग्रजीत बोलत होत्या, हळू आवाजात.

"कसं आहे तिकडे?" आमच्या मुलीने विचारलं.

"सगळ्या फार भारी आहेत," ती म्हणाली. मग बराच वेळ पोहे चिवडत बसली. "पण तिकडे कोणी बोलतच नाही. माझे अजून गोल नाही झाले. मी पाठमोरी उभी असते ना, तेव्हा मला काही कळत नाही कधी सुटायचं ते. मग मी डोळे मिटते आणि विचार करते, आत्ता तू असतीस तर काय म्हणाली असतीस? आणि मग पळते."

माझे साबणाचे हात तसेच राहिले. मागे वळून बघायची हिंमत होईना.

माझी मुलगी एवढंच म्हणाली, "तू आधी सुटतेस. घाबरलीस की नेहमी आधी सुटतेस." आणि मग तिने मिठाची आणि लोणच्याची बरणी पुढे ओढली, पाण्याचा ग्लास मांडला, दोन चमचे आडवे ठेवले, आणि सांगायला लागली. बंद नळ नाही, पाट वाहत होता. ती पोर नुसती मान डोलावत होती. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण जागचं हलवतही नव्हतं.

अंधार पडल्यावर मैत्रीण गेली. मुलीने बरण्या उचलल्या, मागच्या दाराने शेडकडे गेली, आणि वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन आत आली.

"आई," ती म्हणाली, "उद्या सकाळी कोण ड्राइव्ह करणार?"