पत्र्याचे सर तिसऱ्या मजल्यावर

भूकंपानंतर आमचे सर स्लॅबखाली शिकवायला कधी तयारच झाले नाहीत. लातुरात कोचिंगवाले मजल्यावर मजले चढवत होते आणि सर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जीवशास्त्र शिकवत होते, तेही एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. क्लासचे मालक रडकुंडीला यायचे. "सर, पालक पत्रा पाहून परत जायलेत."

"जाऊ द्या. पत्रा पडला तर टेंगूळ येतं. स्लॅब पडला तर तुम्हीच येता, हार घेऊन."

रोगप्रतिकारशक्तीचा धडा आला की सर हटकून घसरायचे. या विषयाची राष्ट्रीय संस्था ज्या बैठकीत जन्मली, तिथं ते संशोधक विद्यार्थी म्हणून हजर होते. कोणाचे उंदीर उसने आणले, कोण नावावरून भांडलं, खुर्च्या कशा कमी पडल्या, सगळं नकलांसकट. पुढच्या बाकावरून घाबरा आवाज यायचा, "सर, हे परीक्षेला येतं का?"

"तुझं शरीर रोज परीक्षा द्यायलंय. ते इचारतं का?"

पुढं बऱ्याच वर्षांनी संस्थेनं हाच इतिहास सांगायला त्यांना अधिवेशनात बोलावलं. त्या बैठकीतलं दुसरं कोणी उरलं नव्हतं. सरांनी सांगितलं नाही, तर ती माणसं पुसली जाणार होती. आणि सभागृह होतं तिसऱ्या मजल्यावर.

सर जिन्यात प्रत्येक वळणावर भिंत चाचपत चढले. आम्ही त्यांचे चार विद्यार्थी, आता याच विषयावर पोट भरणारे, पहिल्या रांगेत बसलो. भाषण कोण ऐकतो? मी त्यांचे पाय बघत होतो. सर उंदरांपर्यंत पोचले आणि गच्चीवरचं एसीचं यंत्र सुरू झालं. जमीन थरथरली. अस्खलित इंग्रजी सोडून सर माइकवर म्हणाले, "पोरांनो, भाईर."

आम्ही चौघंही धावत सुटलो. देशभरातले शास्त्रज्ञ मात्र जागेवर बसून होते. हा कार्यक्रमाचाच भाग असावा, असं त्यांना वाटलं.

खाली हिरवळीवर सरांनी बसकण मारली. "तुम्ही जा वर. मला जमत न्हाई."

आमच्या चौघांतली उदगीरची शबाना म्हणाली, "सर, त्या मानसांची नावं तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक हायत? चला. मी दार उघडं धरून उभी राहते."

सरांनी बोटानं इमारतीचे मजले मोजले. मग म्हणाले, "घट्ट धर."

भाषण संपेपर्यंत शबाना दारातून हलली नाही. सरांनी घामाघूम होऊन एकूण एक नाव घेतलं.

सर आता नाहीत. अधिवेशनात तो इतिहास मी सांगतो. नावं त्यांच्याच क्रमानं घेतो. शेवटी, कुणी सांगितलेलं नसताना, संस्थापकांत लातूरच्या एका मास्तरांचं नाव घालतो. अजून कोणी हरकत घेतलेली नाही.